टॅबलेटवर चित्र एखाद्या आकारात बसवताना ते चिकटवल्यासारखे का दिसते?

निळीशाई (प्रश्न)

नमस्कार. गेली दोन वर्षे मी आयपॅडवर प्रोक्रिएट हे चित्रकलेचे अॅप वापरून चित्रे काढते आणि मी टिपलेली छायाचित्रेही त्यातच संपादित करते. रेखाटन, रंगकाम, लेयर (एकावर एक ठेवलेले चित्राचे थर) या गोष्टी आता हाताच्या झाल्या आहेत. पण तयार चित्र दुसऱ्या एखाद्या आकारात बसवायचे म्हटले की माझे काम हमखास अडते. सध्या तीन कामे हाताशी आहेत आणि तिन्हींत मी वेगवेगळ्या ठिकाणी चुकते आहे असे दिसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या कामात तळ्याकाठी उभ्या असलेल्या दोन व्यक्तींचे छायाचित्र टोकदार पानाच्या आकृतीत बसवायचे आहे. मी छायाचित्र पानावर ठेवले आणि लिक्विफायमधल्या पुशने (चित्र ब्रशने ढकलण्याच्या साधनाने) त्याच्या चारही कडा ढकलत ढकलत पानाच्या कडेपर्यंत आणल्या. आकार भरला, पण पलीकडच्या काठाची सरळ रेषा धनुष्यासारखी वाकली आणि डावीकडच्या व्यक्तीचा खांदा ओघळल्यासारखा झाला.

दुसरे काम काचेच्या उभट बरणीवर लेबल बसवण्याचे. बरणीचे छायाचित्र किंचित वरून घेतलेले आहे. वेलबुट्टी आणि मोठी अक्षरे असलेले सपाट लेबल मी ट्रान्सफॉर्ममधल्या (चित्राचा आकार आणि जागा बदलण्याच्या साधनातल्या) वॉर्पने वाकवले, वरची आणि खालची कड बरणीच्या गोलाईप्रमाणे खाली ओढली. तरीही ते बरणीवर आहे असे वाटत नाही, बरणीपुढे कुणीतरी वाकडा कागद धरला आहे असे वाटते. तिसरे काम चेंडूवर चौकटीची नक्षी बसवण्याचे, आणि तिथे तर मध्यभाग जमला की कडा बिघडतात, कडा सावरल्या की मध्यभाग बिघडतो.

यात भर म्हणजे प्रत्येक वेळी सातआठ प्रयत्नांनंतर चित्र धूसर होते. रेषा मऊ पडतात, बारीक टिंबे विरून जातात. माझी पद्धतच चुकते आहे की या कामासाठी दुसरे सॉफ्टवेअर घ्यावे लागेल, हे मला समजून घ्यायचे आहे. कुणी हे काम नेहमी करत असेल तर कृपया कारणांसह सांगावे. नुसती बटणांची नावे कळून माझे भागणार नाही.

शिसपेन्सिल

कोणतेही साधन उचलण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते: समोरचा आकार ही खिडकी आहे की पृष्ठभाग? तुमच्या तीन कामांपैकी पान ही खिडकी आहे, बरणी आणि चेंडू हे पृष्ठभाग आहेत, आणि तुम्ही तिन्ही ठिकाणी चित्र वाकवायला निघाला आहात. खिडकी गोल असली म्हणून बाहेरची झाडे गोल होत नाहीत. तसेच पानाच्या आकृतीतून तळे दिसायचे असेल, तर तळ्याला धक्का लागण्याचे काही कारणच नाही.

म्हणून पानासाठी लिक्विफाय पूर्णपणे बाजूला ठेवा. पानाची आकृती एका लेयरवर एकाच रंगाने भरून घ्या, छायाचित्र त्याच्या लगेच वरच्या लेयरवर आणा आणि त्या लेयरच्या मेनूतून क्लिपिंग मास्क निवडा. छायाचित्राचा जेवढा भाग पानावर येतो तेवढाच दिसेल, बाकीचा झाकला जाईल पण नष्ट होणार नाही. आता युनिफॉर्म मोडमध्ये (लांबी-रुंदीचे प्रमाण न बिघडवता) छायाचित्र हलवून, लहानमोठे करून पाहा. येथे खरा विचार मांडणीचा आहे. पानाचे टोक आणि देठाकडचा भाग अरुंद असतो, त्यामुळे दोन्ही व्यक्ती पानाच्या सर्वांत रुंद पट्ट्यात याव्यात आणि टोकात केवळ आकाश किंवा पाणी यावे, असे पाहा. ते जमत नसेल तर छायाचित्र बदला किंवा पान आडवे करा. माणसांना पानाच्या मापाने ओढू नका.

अनेक जण या ठिकाणी अल्फा लॉक वापरायला जातात आणि गोंधळतात. अल्फा लॉक म्हणजे लेयरचा रिकामा भाग बंद करणे, ते त्याच लेयरवर पुढे रंगवण्यासाठी असते. बाहेरून आणलेले छायाचित्र स्वतंत्र लेयरवर येते, त्यामुळे खालच्या पानाला लॉक केले तरी वरच्या छायाचित्राला त्याचे बंधन नसते. आणखी एक बारकावा: क्लिपिंग मास्क खालच्या लेयरची अपारदर्शकताही पाळतो. पान मऊ ब्रशने रंगवले असेल तर त्याच्या कडांशी छायाचित्रही विरळ दिसेल. हा परिणाम हवा असेल तर उत्तमच, नको असेल तर आकृती ठाम कडेच्या ब्रशने काढा.

आता बरणी. हे काम मला मनापासून आवडते, म्हणून थोडे लांबेल.

तुम्ही वरची आणि खालची कड वाकवलीत, पण चित्र आडव्या दिशेने आवळले नाहीत. चिकटवल्यासारखे दिसण्याचे मुख्य कारण माझ्या मते हेच आहे. बरणीवर कागद गुंडाळला की मधला भाग आपल्याकडे सरळ तोंड करून असतो आणि कडेला जावे तसतसा कागद आपल्यापासून वळत जातो, त्यामुळे तेवढ्याच रुंदीचा पट्टा डोळ्यांना अरुंद दिसू लागतो. किती अरुंद, हे मोजता येते. छायाचित्रात बरणीची रुंदी १००० पिक्सेल आहे असे धरा, म्हणजे त्रिज्या ५०० झाली. समोरची अर्धी बरणी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना १५ अंशांच्या सहा-सहा पट्ट्यांत विभागली, तर त्या पट्ट्यांच्या कडा मध्यरेषेपासून १२९, २५०, ३५४, ४३३, ४८३ आणि ५०० पिक्सेलवर येतात. त्रिज्येला त्या त्या कोनाच्या साइनने गुणले की हे आकडे मिळतात. सपाट कागदावर प्रत्येक पट्टी सुमारे १३१ पिक्सेलची आहे. बरणीवर मध्याजवळची पट्टी १२९ पिक्सेल दिसते आणि अगदी कडेची पट्टी अवघी १७.

यातून आणखी एक गोष्ट निघते. समोर दिसणाऱ्या अर्ध्या बरणीवर १००० पिक्सेलचा नव्हे, १५७१ पिक्सेल रुंदीचा कागद मावतो. तुमचे सपाट लेबल १००० पिक्सेल रुंद असेल, तर बरणीवर ते कडेपर्यंत पोचायलाच नको. त्याची दिसणारी रुंदी सुमारे ८४१ पिक्सेल भरेल आणि दोन्ही बाजूंना थोडी काच उघडी राहील. तुम्ही तेच लेबल एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ताणले असणार. त्यामुळे कडेची अक्षरे मधल्या अक्षरांइतकीच रुंद राहिली आणि डोळ्यांनी ती वाकलेल्या कागदावरची म्हणून स्वीकारली नाहीत.

वरच्या कडेच्या वळणातही अशीच गफलत होते. बरणीच्या तोंडाची लंबवर्तुळाकृती छायाचित्रातच मोजा. बरणी वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची आहे आणि तिचे तोंड १००० पिक्सेल रुंद व २०० पिक्सेल उंच दिसते आहे असे समजू. त्याची निम्मी उंची १००, म्हणून लेबलची वरची कड मध्यभागी टोकांपेक्षा साधारण १०० पिक्सेल खाली असायला हवी. पण हे वळण सर्वत्र सारखे नसते. मध्यरेषेपासून ४३३ पिक्सेल दूर जाईपर्यंत कड फक्त ५० पिक्सेल वर चढते आणि उरलेले ५० पिक्सेल शेवटच्या ६७ पिक्सेलांच्या अंतरात चढते. आपण हाताने ओढतो तेव्हा सलग, सौम्य कमान तयार होते. बरणीची कड मात्र मध्यभागी जवळपास सपाट असते आणि टोकाला झपकन वर वळते. खालची कड वरच्या कडेपेक्षा थोडी जास्त वाकलेली ठेवा, कारण कॅमेरा वर असताना जी पातळी डोळ्यांपासून अधिक खाली असते तिचे लंबवर्तुळ अधिक उघडे दिसते.

हे वॉर्पमध्ये उतरवण्यासाठी मी खुणांचा आधार घेतो. सपाट लेबलच्या वरच्या आणि खालच्या समासात, चित्राच्या त्याच लेयरवर, सारख्या अंतरावर बारीक उभ्या खुणा करतो. बरणीच्या छायाचित्रावर वेगळ्या लेयरमध्ये वरच्या हिशेबाने उभ्या रेषा आखतो. मग वॉर्पमध्ये जाऊन अॅडव्हान्स्ड मेश (चित्रावरची बिंदूंची जाळी) चालू करतो आणि जाळीचे बिंदू असे सरकवतो की लेबलवरची प्रत्येक खूण बरणीवरच्या आपापल्या रेषेला भिडेल. काम झाले की समास लेबलच्या आकाराच्या क्लिपिंग मास्कने झाकले जातात आणि खुणा आपोआप दिसेनाशा होतात. पहिल्यांदा अर्धा तास जाईल, पण अंदाजाने ओढत बसण्यात त्याहून अधिक जातो.

निळीशाई

खिडकी आणि पृष्ठभाग यांतला फरक वाचला आणि मी पानावर किती व्यर्थ मेहनत केली होती ते लक्षात आले. पान दहा मिनिटांत झाले. दोन्ही व्यक्ती रुंद भागात घेतल्या, टोकात पाणी आले, आणि काठाची रेषा आता जशी होती तशी सरळ आहे.

बरणीवरही खुणांची पद्धत करून पाहिली. शेवटच्या दोन पट्ट्या इतक्या अरुंद झाल्या की आधी मला ती चूक वाटली, पण टॅबलेट हातभर दूर धरून पाहिले तेव्हा लेबल पहिल्यांदाच बरणीभोवती वळलेले दिसले. मात्र खुणा नेमक्या जुळवायला मला चार वेळा ट्रान्सफॉर्ममध्ये जावे लागले आणि वेलबुट्टीतले बारीक तंतू पुन्हा धूसर झाले. शिवाय एकदा लेबल मोठे करताना त्याची उजवी बाजू कॅनव्हासच्या बाहेर गेली होती. नंतर आत ओढली तर ती कापलेलीच आली. या दोन्हींवर काही उपाय आहे का?

उत्तररात्र

धूसरपणाबद्दल मी लिहिते, कारण या एका कारणाने माझी कित्येक कामे वाया गेली आहेत.

तुमचे चित्र पिक्सेलांचे बनलेले आहे. ते वाकवून पक्के केले की सॉफ्टवेअरला प्रत्येक नव्या पिक्सेलसाठी विचारावे लागते की जुन्या चित्रातली नेमकी कोणती जागा येथे आली. ती जागा बहुतेक वेळा दोनचार जुन्या पिक्सेलांच्या मधोमध पडते, म्हणून आजूबाजूच्या रंगांची सरासरी काढून उत्तर दिले जाते. प्रोक्रिएटमध्ये ट्रान्सफॉर्मच्या पट्टीवर निअरेस्ट नेबर, बायलिनिअर आणि बायक्युबिक असे तीन पर्याय दिसतात ते याच हिशेबाचे आहेत. निअरेस्ट नेबर सर्वांत जवळचा एकच पिक्सेल उचलतो, बायलिनिअर चार पिक्सेलांचा विचार करतो आणि बायक्युबिक सोळांचा. वेलबुट्टी किंवा छायाचित्र यांसाठी बायक्युबिक ठेवा. निअरेस्ट नेबरने तिरक्या रेषांना पायऱ्या पडतात, त्यामुळे तो चौकोनी ठिपक्यांच्या चित्रांपुरताच ठीक आहे. पण पर्याय कोणताही असो, एकदा काढलेल्या सरासरीची पुन्हा सरासरी, तिची पुन्हा सरासरी, असे चार वेळा झाले की बारीक तंतू टिकणार नाहीत. तो सॉफ्टवेअरचा दोष नाही.

त्यामुळे पहिला नियम असा की मूळ लेबलची एक प्रत नेहमी वेगळ्या लेयरवर लपवून ठेवावी आणि प्रत्येक नवा प्रयत्न त्या प्रतीच्या प्रतीवर करावा. वाकवलेल्या चित्रालाच पुन्हा वाकवून दुरुस्त करू नये. पहिल्या प्रयत्नात बिंदू कुठे बसले ते कळले की तो लेयर अर्धपारदर्शक करून खाली मार्गदर्शक म्हणून ठेवावा, मूळ प्रत नव्याने घ्यावी आणि एकाच फेरीत सगळे आटपावे. मोजमाप पहिल्या फेरीत, पक्के काम दुसऱ्या फेरीत, असे मी आता ठरवूनच टाकले आहे.

दुसरे, मूळ लेबल गरजेपेक्षा मोठे तयार करावे. अंतिम चित्रात ते ८०० पिक्सेल दिसणार असेल तर मूळ १६०० पिक्सेलचे असू द्यावे. लहान करताना तपशील घट्ट होतात, मोठे करताना मात्र नसलेला तपशील कुणालाच निर्माण करता येत नाही. कॅनव्हास मोठा केला की प्रोक्रिएटमध्ये मिळणाऱ्या लेयरची संख्या कमी होते, हे तेवढे लक्षात असू द्या. उजवी बाजू कापली जाण्याचे कारणही कॅनव्हासच आहे: ट्रान्सफॉर्म पक्के करताना जो भाग कॅनव्हासबाहेर राहतो तो कायमचा जातो. वाकवण्याच्या कामापुरता कॅनव्हास चारही बाजूंनी वाढवून घ्यावा आणि शेवटी पुन्हा छाटावा.

सॉफ्टवेअर बदलण्याबद्दल तुम्ही विचारले होते, त्यावर माझे मत असे. एखादे लेबल वर्षातून दोनदा बसवायचे असेल तर प्रोक्रिएट पुरेसे आहे. पण हे काम वारंवार होणार असेल तर मूळ चित्राला हात न लावता वाकवणारी सोय असलेले सॉफ्टवेअर पाहावे. अॅफिनिटी फोटो आयपॅडसाठी २०१७ मध्ये आले आणि २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यात लाइव्ह मेश वॉर्प मिळू लागला. त्यात जाळी चित्रावर फिल्टरसारखी राहते आणि आठवड्याने उघडूनही एखादा बिंदू हलवता येतो. अँड्रॉइड टॅबलेटवर क्रिता चालते, तिच्यात ट्रान्सफॉर्म मास्क नावाची अशीच व्यवस्था आहे. आयबिसपेंटमध्ये मेश फॉर्म आहे आणि जाळीचे आडवे-उभे भाग किती हवेत तेही ठरवता येते. खुणांच्या पद्धतीला हे फार सोयीचे पडते, फक्त तिथला बदल पक्का झाला की परतीची वाट मूळ प्रतीतूनच.

लिक्विफायला मात्र अगदीच वाळीत टाकू नका. लेबल नीट बसल्यावर एखादी खूण चारपाच पिक्सेलने चुकलेली दिसली, तर मोठ्या आकाराचा आणि कमी दाबाचा पुश एकदाच हलकेच फिरवून ती जागेवर आणता येते. लहान ब्रशने ढकलल्यास कड लाटांसारखी होते, मोठ्या ब्रशने तसे होत नाही.

तिसरामजला

चेंडूबद्दल अजून कुणी लिहिले नाही म्हणून मी भर घालतो. मध्यभाग जमला की कडा बिघडतात, ही तुमची तक्रार अगदी खरी आहे आणि तिचे मूळ तुमच्या हातात नाही, भूमितीत आहे. बरणीवर कागद न चुरगळता गुंडाळता येतो, चेंडूवर येत नाही. गोलाचा कोणताही तुकडा ताणल्याशिवाय किंवा आवळल्याशिवाय सपाट होऊ शकत नाही, हे जर्मन गणिती गाउसने १८२७ साली सिद्ध केले. पृथ्वीचा प्रत्येक सपाट नकाशा कुठे ना कुठे खोटा असतो तो याच कारणाने. तेव्हा चेंडूवर नक्षी बसवताना कुठेच बिघाड होणार नाही अशी आशा सोडून, बिघाड कुठे चालेल ते ठरवायचे असते.

एक सरळ निवड अशी की चेंडूचा समोरचा मध्य खरा ठेवायचा आणि सगळा बिघाड कडेकडे ढकलायचा. शिसपेन्सिल यांनी बरणीसाठी दिलेले आकडे येथेही लागू पडतात, फरक एवढाच की ते आता डावी-उजवीकडे न मोजता मध्यापासून सर्व दिशांना मोजायचे. चेंडूची त्रिज्या ५०० पिक्सेल असेल, तर मध्याभोवती १२९, २५०, ३५४, ४३३, ४८३ अशा त्रिज्यांची वर्तुळे चेंडूवर आखा. सपाट नक्षीवर १३१ पिक्सेलच्या सारख्या अंतराने वर्तुळे आखा. आणि एकेक वर्तुळ त्याच्या जोडीदारावर आणा. यात कडेची नक्षी आत-बाहेरच्या दिशेने आवळली जाईलच, शिवाय परिघाच्या दिशेनेही ती सुमारे ६४ टक्क्यांवर येईल. चौकटी कडेशी बारीक आणि वाकड्या दिसतील. त्या तशाच दिसायला हव्यात.

हे प्रोक्रिएटच्या वॉर्पमध्ये करणे कष्टाचे आहे, कारण त्याची जाळी चौकोनी आणि तुमचे काम वर्तुळाकार. अॅफिनिटी फोटोच्या डिस्टॉर्ट गटात स्फेरिकल नावाचा फिल्टर आहे, तो पुष्कळसे काम एका ओढीत करतो. प्रोक्रिएटमध्येच राहायचे असेल तर त्रिमितीय प्रतिकृतीवर रंगवण्याची सोय वापरून पाहा, ती ५.२ आवृत्तीत, २०२१ मध्ये आली. गोलाची त्रिमितीय फाइल (ओबीजे किंवा यूएसडीझेड प्रकारची) उघडा, तिच्यावर नक्षी आणा, गोल हवा तसा फिरवा आणि त्याचे चित्र काढून घ्या. तेथे आवळण्याचा हिशेब सॉफ्टवेअर करते. फक्त नक्षी गोलाच्या दोन ध्रुवांपाशी चिमटल्यासारखी होते, म्हणून ध्रुव वर-खाली ठेवून मधला पट्टा समोर आणावा.

पृष्ठभाग वाकडा नसून सपाट पण तिरका असेल, जसे भिंतीवरची चौकट किंवा टेबलावरची वही, तर वॉर्पकडे जाऊच नये. चार कोपरे चार जागी नेले की तिरकेपणाचा सगळा हिशेब पूर्ण होतो, ट्रान्सफॉर्ममधला डिस्टॉर्ट तेवढ्यासाठीच आहे. तुमचे सॉफ्टवेअर कोपरे हलवताना खरोखर यथार्थदर्शन (दूरचे लहान दिसण्याचा नियम) पाळते की चित्र नुसते ताणते, हे तपासायला मी एक चौकोन घेतो, त्यात दोन्ही कर्ण आखतो आणि चौकोनाचे वरचे दोन कोपरे जवळ आणतो. कर्ण सरळ राहिले आणि चौकोनाच्या मध्यावर आधी काढलेले टिंब त्यांच्या छेदावरच राहून वरच्या अरुंद बाजूकडे सरकले, तर हिशेब बरोबर आहे. कर्ण वाकले तर ते नुसते ताणणे आहे आणि तिरक्या चौकटीत ते दिसून येईल.

कागदकाम

वरच्या उत्तरांत आकाराबद्दल सर्व काही आले, पण प्रकाशाचा उल्लेख राहिला. निळीशाई, तुम्ही खुणा अचूक जुळवल्यात तरी लेबल डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एकाच उजेडात असेल तर ते बरणीचे होणार नाही. बरणीची एक बाजू सावलीत असते, मध्यावर कुठेतरी उभी चमक असते, आणि या दोन्ही गोष्टी लेबलवरूनही जायला हव्यात.

त्यासाठी बरणीच्या छायाचित्राची एक प्रत लेबलच्या वर आणा आणि लेबलला क्लिप करा. तिचा रंग पूर्ण काढून टाका, तिचा ब्लेंड मोड (लेयर खालच्या चित्रात कसा मिसळतो ते) मल्टिप्लाय करा आणि मग उजळपणा इतका वाढवा की बरणीचा सर्वांत उजळ भाग पांढरा होईल. मल्टिप्लायमध्ये पांढरा रंग खालच्या चित्राला काहीच करत नाही आणि करडा रंग त्याला गडद करतो, त्यामुळे फक्त सावल्या लेबलवर उतरतात. रंग काढायला विसरलात तर हिरवट काचेची झाक लेबलवर येईल. चमक या मार्गाने येत नाही. तिच्यासाठी वेगळ्या लेयरवर, खालचे चित्र उजळवणाऱ्या स्क्रीन मोडमध्ये, मूळ चमकेच्या जागी मऊ ब्रशने एक उभी फिकट रेघ काढावी लागते. लेबल कागदाचे असेल तर ती काचेवरच्या चमकेपेक्षा रुंद आणि मंद ठेवा, कारण कागद काचेसारखा झळकत नाही.

शेवटचा बारकावा कडांचा. छायाचित्रातल्या कोणत्याही वस्तूची कड एका पिक्सेलात संपत नाही, दोनतीन पिक्सेलांत विरत जाते. तुमच्या लेबलची कड सुरीने कापल्यासारखी असेल तर डोळा तिथेच अडखळतो. बरणीची कड पूर्ण मोठी करून पाहा, ती किती पिक्सेलांत विरते ते मोजा आणि लेबलच्या मास्कला (ज्या आकृतीला लेबल क्लिप केले आहे तिला) तेवढाच गॉसियन ब्लर, म्हणजे कड मऊ करणारा धूसरपणा, द्या. हा ब्लर मास्कला द्यायचा आहे, चित्राला नाही. नाही तर वेलबुट्टीचे तंतू पुन्हा जातील.

निळीशाई

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी मूळ प्रत नव्याने घेऊन, कॅनव्हास वाढवून आणि कालचा प्रयत्न खाली मार्गदर्शक ठेवून एकाच फेरीत लेबल बसवले. तंतू शाबूत आहेत. सावलीचा लेयर मल्टिप्लायवर टाकला त्या क्षणी लेबल काचेला टेकले, तो फरक पाहून मी थोडा वेळ नुसता तोच लेयर चालू-बंद करत बसले. चेंडूसाठी त्रिमितीय गोल वापरणार आहे.

एक नवी शंका आहे. हेच लेबल निमुळत्या पेल्यासाठी छापून घ्यायचे आहे आणि पेला वर रुंद, खाली अरुंद आहे. टॅबलेटवर बसवलेले वाकडे चित्र तसेच छापायला दिले तर चालेल का?

शिसपेन्सिल

नाही, ते चित्र एका कोनातून दिसणाऱ्या पेल्याचे आहे. छपाईला पेल्याचा उलगडलेला कागद लागतो. निमुळता पेला उलगडला की पंख्यासारखा आकार मिळतो आणि त्याचे माप पेल्यावरूनच काढता येते. समजा वरचा व्यास ९० मिलिमीटर, तळाचा ६० आणि तिरकी उंची १०० मिलिमीटर आहे. तिरक्या उंचीला वरच्या व्यासाने गुणा आणि दोन व्यासांच्या फरकाने भागा: बाहेरच्या कमानीची त्रिज्या ३०० मिलिमीटर आली. तिच्यातून तिरकी उंची वजा केली की आतल्या कमानीची त्रिज्या २००. पंख्याचा कोन म्हणजे ३६० अंशांना ४५ भागिले ३०० ने गुणून येणारे ५४ अंश. पडताळा घ्यायचा असेल तर बाहेरच्या कमानीची लांबी सुमारे २८३ मिलिमीटर भरते, आणि ९० मिलिमीटर व्यासाच्या कडेचा परिघही तेवढाच असतो.

हा पंखा आधी नेमक्या मापाने आखून घ्या आणि मग सपाट लेबल वॉर्पने त्यात बसवा. येथे पट्ट्या कडेला आवळायच्या नाहीत, सर्व सारख्याच रुंदीच्या ठेवायच्या, कारण आवळण्याचे काम पेला स्वतः करणार आहे. अक्षरांची ओळ पंख्याच्या कमानीला समांतर वाकवा. सपाट कागदावर ती वाकडी दिसेल, पेल्याभोवती गुंडाळल्यावर सरळ होईल. जोडासाठी एका बाजूला सातआठ मिलिमीटर कोरी पट्टी ठेवा, आणि छपाईला देण्यापूर्वी साध्या कागदावर एक प्रत काढून, कापून, पेल्याभोवती गुंडाळून पाहा.

निळीशाई

माझ्या पेल्याची मापे घेतली: वर ८४, खाली ५६, तिरकी उंची ११२ मिलिमीटर. तुमच्या रीतीने बाहेरची त्रिज्या ३३६, आतली २२४ आणि कोन ४५ अंश आला. साध्या कागदावर पंखा कापून गुंडाळला. दोन्ही टोके एकमेकांना भिडली आणि खालची कड तळाशी समपातळीत बसली. आता त्यात वेलबुट्टी भरायला घेते.